सोळा आठवड्यांत जग : ऑनलाइन भूगोलाचा वर्ग कसा निभवावा

टेक्सासच्या सरकारी कॉलेजांच्या अभ्यासक्रम-यादीत ‘जिऑग १३०३’ असा एक क्रमांक असतो. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांनी त्याच विषयासाठी ‘जिऑग १२५’ ही सामाईक खूण ठरवली आहे. विषय एकच : वर्ल्ड रीजनल जिऑग्रफी, म्हणजे जगाचा प्रादेशिक भूगोल. तीन क्रेडिट, साधारण सोळा आठवडे, आणि तेवढ्यात युरोपपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत सगळं जग. वर्ग बहुतेक वेळा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे नोकरी, घर आणि लहान मुलं सांभाळून शिकणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो.

डॅलसच्या उपनगरांतल्या आणि बे एरियातल्या मराठी घरांतही हा विषय आता पोहोचला आहे. अकरावी-बारावीतली मुलं शाळेबरोबरच कॉलेजचे क्रेडिट मिळवण्यासाठी तो घेतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेली, मध्येच शिक्षण थांबलेली माणसं पुन्हा अभ्यासाकडे वळताना इथूनच सुरुवात करतात. घेताना जवळपास प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब असतो : भूगोलच तर आहे, देश आणि राजधान्या पाठ केल्या की झालं.

हा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चुकतो. नावांवर गुण असतात, पण थोडे. बाकीचे गुण ‘हे इथेच का?’ या प्रश्नाच्या उत्तराला असतात, आणि एका प्रदेशातली गोष्ट दुसऱ्या प्रदेशातल्या गोष्टीशी जोडून दाखवण्याला असतात. ज्याला हे पहिल्याच आठवड्यात उमगतं, त्याला हा विषय जड जात नाही. उलट कॉलेजच्या पहिल्या वर्षात इतकं जग दाखवणारा दुसरा विषय शोधावा लागेल.

आधी नाव नोंदवण्यापूर्वीच्या गोष्टी. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचे १३८ डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. जो रहिवासी धरला जात नाही, त्याची फी याच्या कित्येक पट होते. एच-४ व्हिसावरच्या माणसाला शिकायला मुभा आहे, पण फीसाठी कॉलेज त्याला रहिवासी धरतं की नाही हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावं. ऐकीव माहितीवर विसंबू नये. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांसाठी नियम आणखी कडक आहे. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून जे क्रेडिट मोजले जातात, त्यांत एका सत्राला एकच ऑनलाइन वर्ग, म्हणजे तीन क्रेडिट, धरता येतात. भूगोल ऑनलाइन घेतला तर त्या सत्रातले पूर्णवेळ मोजणीत धरायचे बाकीचे वर्ग प्रत्यक्ष कॉलेजात जाऊनच करावे लागतात. इथे चूक झाली तर ती गुणपत्रिकेवर थांबत नाही, व्हिसापर्यंत जाते.

दुसरा प्रश्न क्रेडिट पुढे चालतील का हा. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजचा कोणता वर्ग कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदली चालतो ते दिसतं. टेक्सासमध्ये सामाईक क्रमांकामुळे सरकारी विद्यापीठांत हे काम सोपं आहे. दुसऱ्या राज्यात किंवा खासगी विद्यापीठात जायचं असेल, तर तिथल्या समुपदेशकाला अभ्यासक्रमाचा तक्ता पाठवून आधीच विचारावं. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हा विषय बहुतेक ठिकाणी सामाजिक शास्त्रांच्या गटात मोजला जातो. प्रयोगशाळेसह विज्ञानाची अट पूर्ण करायची असेल, तर ‘फिजिकल जिऑग्रफी’ आणि तिची प्रयोगशाळा वेगळी घ्यावी लागते.

वेळेचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडावा. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास अभ्यास धरतात. तीन क्रेडिटचे झाले नऊ तास. ऑनलाइन वर्गात व्याख्यानाची ठरलेली वेळ नसते, पण हे नऊ तास कुठे जात नाहीत. उन्हाळ्यातला किंवा ‘लेट स्टार्ट’ म्हणून मिळणारा आठ आठवड्यांचा वर्ग घेतला, तर तेच काम दुप्पट वेगाने, म्हणजे आठवड्याला अठरा तास, करावं लागतं. पूर्णवेळ नोकरी असलेल्याने पहिल्यांदा सोळा आठवड्यांचाच वर्ग घ्यावा.

पुस्तकावर पैसे घालवण्याआधीही चौकशी करावी. कॅलिफोर्नियाच्या वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च नसलेल्या वर्गांवर तशी खूण असते. व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॅटलिन फिनलेसन यांनी लिहिलेलं ‘वर्ल्ड रीजनल जिऑग्रफी’ कुणालाही फुकट वाचता येतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयानेही याच विषयाचं एक जाडजूड पुस्तक असंच खुलं ठेवलं आहे. ज्या वर्गात महागडं पुस्तक सक्तीचं आहे, तिथेही यातलं एखादं जोडीला ठेवावं. एकच प्रदेश दोन लेखकांच्या नजरेतून वाचला की कोण काय गाळतो, हे कळायला लागतं.

वर्ग सुरू झाला की पहिल्या दोन दिवसांत एक काम पुरं करावं : ‘सिलॅबस’ नावाचा तो आठ-दहा पानांचा कागद शेवटपर्यंत वाचणं. त्यात गुणांची वाटणी, उशिराचा दंड, परीक्षेची पद्धत, चॅटबॉट वापरण्याबद्दलचा नियम असं सगळं असतं. मग सगळ्या तारखा एका कॅलेंडरवर उतरवाव्यात. अमेरिकेत नुसतं लॉगिन केल्याने ऑनलाइन वर्गाची हजेरी लागत नाही. चर्चेत पहिलं टिपण टाकणं, छोटी चाचणी देणं असं काही तरी काम दिसावं लागतं. पहिल्या आठवड्यात ते दिसलं नाही, तर अनेक कॉलेजं नाव काढून जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला देतात. झेपणार नसेल तर गुणपत्रिकेवर डाग न पडता वर्ग सोडण्याचीही एक तारीख असते. तीही कॅलेंडरवर हवी.

उन्हाळ्यात मुलं सुट्टीला पुण्या-नागपुराला येतात आणि वर्ग इथूनच चालवतात. तेव्हा घोळ होतो तो घड्याळाचा. बहुतेक वर्गांत काम जमा करायची मुदत रविवारी रात्री ११.५९ची असते. कॅलिफोर्नियातली ही वेळ उन्हाळ्यात भारतात सोमवारी दुपारी १२.२९ला येते, टेक्सासमधली सकाळी १०.२९ला. हिवाळ्यात दोन्हींत एक तास वाढतो. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं पुढे-मागे होतात, भारताची होत नाहीत. ‘कॅनव्हास’ ही ऑनलाइन वर्गाची प्रणाली वापरणाऱ्या कॉलेजांत आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा बदलता येतो. प्रवासाला निघण्यापूर्वीच तो बदलून घ्यावा. परीक्षेसाठी ‘लॉकडाउन ब्राउझर’ लागणार असेल, तर तो मोबाइलवर चालत नाही हेही लक्षात ठेवावं. आजोबांच्या घरी लॅपटॉप आणि भरवशाचं इंटरनेट आहे का, हे आधी विचारलेलं बरं.

आता खऱ्या अभ्यासाकडे. नावं पाठ करणं म्हणजे भूगोल नाही हे खरं, पण नकाशा डोळ्यांपुढे नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही. नायजर आणि नायजेरिया कुठे आहेत हेच माहीत नसेल, तर साहेलमधल्या दुष्काळावरचं पान म्हणजे नुसते शब्द. म्हणून रोज पंधरा मिनिटं कोरा नकाशा. ‘सेटेरा’सारखे नकाशाचे खेळ सरावाला चांगले आहेत, पण त्यांत बहुधा नाव समोर असतं आणि फक्त बोट ठेवायचं असतं. हाताने कागदावर लिहिलं की काय येत नाही ते उघडं पडतं.

आफ्रिकेचे ५४ देश एका दमात पाठ करायला जाऊ नये. मोरोक्कोपासून किनाऱ्याने निघावं आणि समुद्राला लागलेले देश आधी भरावेत. मग माली, नायजर, चाड असे किनारा नसलेले देश त्यांच्या मधोमध बसतात. सेनेगलच्या पोटात नदीच्या दोन्ही काठांनी घुसलेली गांबियाची चिंचोळी पट्टी दिसली की थांबावं. नदीवर ब्रिटिशांचा ताबा आणि भोवती फ्रेंचांचा, एवढं त्या सीमेकडे पाहून कळतं, आणि वसाहतींच्या वाटणीचा धडा तिथेच निम्मा होतो. घरातल्या जुन्या अ‍ॅटलासवर मात्र भरवसा ठेवू नये. दक्षिण सुदान २०११ साली स्वतंत्र झाला, स्वाझीलँडचं इस्वातिनी २०१८ साली झालं, मॅसिडोनियाचं उत्तर मॅसिडोनिया २०१९ साली. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ साली अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ साली परत अस्ताना.

पहिल्या प्रकरणात नकाशाच्या प्रक्षेपणाबद्दल काही पानं असतात. ती घाईत उलटली जातात, तशी उलटू नयेत. मर्केटरने १५६९ साली दर्यावर्दींसाठी केलेल्या नकाशात ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेचं क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर आणि ग्रीनलँडचं बावीस लाखांच्या आत. आफ्रिका चौदा पट मोठी आहे. हा एक आकडा लक्षात राहिला, तरी पुढे साडेतीन महिने नकाशे सावधपणे पाहिले जातात.

यानंतर प्रश्न येतो जगाचे तुकडे कसे पाडायचे याचा. हार्म द ब्लाय आणि पीटर मुलर यांच्या, अनेक पिढ्यांनी वापरलेल्या पाठ्यपुस्तकात जगाचे बारा विभाग आहेत. दुसऱ्या पुस्तकांत दहा किंवा नऊ सापडतील. अफगाणिस्तान सार्कचा सदस्य आहे, म्हणून तो दक्षिण आशिया? जागतिक बँकेने २०२५ साली अफगाणिस्तान आणि पाकिस्तान दोन्ही आपल्या आकडेवारीत मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या गटात नेले. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी वर्गवारीत इराण दक्षिण आशियात मोडतो. यातलं बरोबर कोणतं, असं विचारणारा विद्यार्थी गोंधळतो. कुणी कोणत्या कामासाठी ही रेघ ओढली, असं विचारणारा परीक्षेतल्या दीर्घ प्रश्नाचं उत्तर लिहू शकतो. वर्गातल्या चाचणीत मात्र त्या वर्गाच्या पुस्तकाची विभागणीच ग्राह्य धरतात, तेव्हा ती पाठ हवी.

मराठी विद्यार्थ्याजवळ या विषयासाठी एक भांडवल आधीपासून असतं, आणि ते वापरायला तो बहुधा विसरतो. पर्जन्यछायेचा प्रदेश त्याने शाळेत शिकलेला असतो, एसटीच्या खिडकीतून पाहिलेलाही असतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. आता वॉशिंग्टन राज्याचा नकाशा उघडावा. सिअ‍ॅटलला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि कॅस्केड पर्वत ओलांडून गेलं की याकिमाला जेमतेम दोनशे. याकिमाची जगप्रसिद्ध सफरचंदं कालव्याच्या पाण्यावर पिकतात. कारण तेच : वारा डोंगर चढतो, थंड होतो, पाऊस टाकतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. पण फरकही सांगता आला पाहिजे. सह्याद्रीवर हा पाऊस जून ते सप्टेंबरात नैर्ऋत्य मोसमी वारे आणतात. कॅस्केडवर तो मुख्यतः हिवाळ्यात पश्चिमी वारे आणतात. सारखेपणा आणि फरक या दोन्ही गोष्टी लिहिल्या की उत्तर पूर्ण होतं.

असंच द्राक्षांचं. पुस्तकात भूमध्यसागरी हवामानाचे पाच प्रदेश येतात : भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतला केपचा भाग आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण किनारा. पाचही साधारण ३० ते ४५ अक्षांशांच्या दरम्यान, उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, आणि पाचही ठिकाणी वाइनचा धंदा. नाशिकच्या मुलाने इथे हात वर करावा. तिथे द्राक्षं आहेत, वाइनही आहे, पण वेल झोपी जाईल अशी थंडी नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. हवामानाने जे दिलं नाही ते कात्रीने करून घेतलेलं आहे. निसर्ग सगळं ठरवतो का, हा भूगोलातला जुना वाद आहे, आणि त्यावर ऑनलाइन चर्चेत मांडण्यासारखं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

सोळा आठवडे अकरा-बारा प्रदेश एकामागून एक येत राहतात. चौथ्या प्रदेशापर्यंत पहिला पुसट होऊ लागतो. त्यावर एक खात्रीचा उपाय आहे. एखादी वस्तू निवडावी आणि प्रत्येक प्रदेशात तिचा माग काढावा. तेल, ऊस, चहा, तांबं, गहू, काहीही चालेल. विदर्भ-खानदेशाशी नातं असलेल्यांनी कापूस घ्यावा.

उत्तर अमेरिकेच्या आठवड्यात कापूस भेटतो तो दक्षिणेतल्या राज्यांत, गुलामगिरीच्या इतिहासासकट. १८६१ साली यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. त्यामुळे मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. १८६५पर्यंत मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजार भडकला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्या काळातले मोठे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली ती वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून. दक्षिण आशियाचं प्रकरण इथे अमेरिकेच्या प्रकरणाला जोडलं गेलं.

उत्तर आफ्रिकेच्या आठवड्यात तोच धागा नाईलकाठी जातो. यादवीच्या काळात इजिप्तनेही कापूस वाढवला, त्या कमाईच्या आशेवर खेदिव इस्माईलने कर्ज काढलं, १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, १८७६ साली देशाचं दिवाळं निघालं आणि १८८२ साली ब्रिटिश फौजा उतरल्या. मध्य आशियात रशियाने १८६५ साली ताश्कंद घेतलं आणि पुढे तिथे अमेरिकन वाणाचा कापूस लावला. सोव्हिएत काळात १९६०पासून आमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी कापसाच्या शेतांकडे इतकं वळवलं गेलं, की जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर असलेला अरल समुद्र आटला. उझबेकिस्तानातल्या मुयनाक बंदरात आज मासेमारीच्या बोटी वाळूत गंजत पडलेल्या दिसतात. पश्चिम आफ्रिकेत २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस-अनुदानांविरुद्ध प्रस्ताव मांडला. बांगलादेशात तोच कापूस तयार कपडे होऊन बाहेर पडतो. तिथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, त्यात बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. टेक्सासमधल्या विद्यार्थ्याने शेवटी आपल्याच राज्यात परत यावं. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस पिकवणारं राज्य टेक्सासच आहे, आणि लबकच्या आसपासची शेती ज्या ओगालाला भूजलसाठ्यावर उभी आहे तो वर्षागणिक खाली जातो आहे. वऱ्हाडातला बहुतेक कापूस कोरडवाहू. एका ठिकाणी जमिनीखालचं पाणी संपत चाललंय, दुसरीकडे सगळी भिस्त पावसावर.

एवढा एक धागा वहीत नीट ओवला असेल, तर अंतिम परीक्षेत ‘जागतिकीकरणाचे दोन प्रदेशांवरील परिणाम’ अशा प्रश्नाला घाबरायचं कारण राहत नाही.

ऑनलाइन वर्गाचा कणा म्हणजे चर्चेचा फलक. बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या मध्यापर्यंत आपलं टिपण आणि रविवारपर्यंत वर्गातल्या दोघांना उत्तरं, अशी रीत असते. इथे गुण सहज मिळतात आणि सहज जातातही. समजा, प्रश्न अरल समुद्राचा आहे. ‘अरल समुद्र आटला ही फार दुःखद गोष्ट आहे, माणसाने निसर्गाची काळजी घ्यावी’ अशा टिपणात भूगोल कुठेच नाही. आता दुसरं पाहा : ‘कझाकस्तानने २००५ साली कोक-अरल धरण बांधून उत्तरेचा छोटा भाग वेगळा केला. सिर दर्याचं पाणी तिथे साठू लागलं, खारटपणा उतरला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेचा बहुतेक भाग उझबेकिस्तानात आहे आणि आमू दर्याचं पाणी अजून शेतीकडे जातं, म्हणून तो सुधारला नाही. एकाच सरोवराचं नशीब दोन देशांच्या सीमेवर विभागलं गेलं.’ यात जागा आहे, कारण आहे आणि तुलना आहे. शंभर शब्दांची गरजही नाही. इतरांना उत्तर देताना ‘छान लिहिलंत’ एवढ्यावर थांबू नये. त्यांच्या मुद्द्यात एक नवी जागा किंवा एक आकडा घालावा.

आकडे कुठून आणायचे, हेही सांगायला हवं. जागतिक बँकेचा खुला विदा, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग, ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे सगळं फुकट आहे आणि शिक्षकांना मान्य होतं. गॅपमाइंडरच्या ‘डॉलर स्ट्रीट’वर वेगवेगळ्या देशांतल्या घरांची चूल, दात घासायचा ब्रश, झोपायची जागा यांचे फोटो उत्पन्नानुसार लावलेले आहेत. तिथे तासभर घालवला, तर ‘आफ्रिका गरीब, युरोप श्रीमंत’ असं सरसकट वाक्य लिहायला हात उचलत नाही. गुगल अर्थवर नाईलचा हिरवा पट्टा आणि त्याला लागून सुरू होणारं वाळवंट स्वतः पाहावं. पुस्तकातला छोटा फोटो ते दाखवू शकत नाही. चॅटबॉटला विचारून टिपण लिहिण्याबद्दल इतकंच : शिक्षकाचा नियम आधी वाचावा, आणि चॅटबॉटने दिलेलं प्रत्येक साल आणि आकडा मूळ ठिकाणी तपासावा. या विषयात देशांची नावं, सीमा आणि आकडे सतत बदलतात, आणि जुनी माहिती ठामपणे सांगितली जाण्याचा धोका इथे मोठा आहे.

दक्षिण आशियाचा आठवडा आला की आपली मुलं सैलावतात. घरचाच विषय, वाचायचं काय, असं वाटतं, आणि गुण नेमके तिथेच कमी पडतात. पुण्यात वाढलेल्या माणसाला पुणं माहीत असतं. दक्षिण आशिया त्याने शिकलेला नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.० निघाला, पण बिहारचा ३.०, केरळचा १.८ आणि महाराष्ट्राचा १.७. एका देशात दोन वेगळ्या काळातली लोकसंख्या राहते आहे, आणि ती का, हा प्रश्न परीक्षेत येतो. त्याच्या शेजारी दक्षिण कोरियाचा २०२३चा ०.७२ आणि नायजरचा सहाच्या आसपासचा आकडा ठेवला, की तीन प्रदेश एका वाक्यात येतात. वर्गातले बाकीचे विद्यार्थी भारताबद्दल आपल्यालाच विचारणार, तेव्हा स्वतःच्या घरातलं उदाहरण सांगताना ते एका घरातलं आहे असं स्पष्ट म्हणावं.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट समोर येते. अमेरिकन पुस्तकांत काश्मीरच्या सीमा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत नकाशापेक्षा हे चित्र वेगळं असतं, आणि आपल्या मुलांना ते खटकतं. खटकणं स्वाभाविक आहे. वर्गात त्यावर रागाने लिहिण्यापेक्षा भारताचा अधिकृत नकाशा काय दाखवतो, ताबारेषा कुठून जाते आणि पुस्तकाने तुटक रेघ का निवडली, हे तिन्ही मांडावं. असं टिपण शिक्षकांनाही आवडतं, आणि आपली बाजूही नीट पोहोचते.

सत्राच्या शेवटी एका देशावर प्रकल्प असतो. भारत निवडण्याचा मोह टाळावा. जे ठाऊक आहे तेच लिहून गुण मिळवण्यात विषय घेतल्याचा फायदा उरत नाही. आपल्या नात्याचा धागा हवाच असेल, तर मॉरिशस घ्यावा. १८३४पासून सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर उतरले, त्यात कोकणातून गेलेले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. ते ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसा आहे. ऊस, १९६८चं स्वातंत्र्य, नंतरचे कापड कारखाने, पर्यटन, असा अर्थव्यवस्थेचा प्रवास एका छोट्या बेटावर स्पष्ट दिसतो. किंवा इस्रायल : रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेले बेने इस्रायली आज डिमोना, अश्दोद अशा गावांत राहतात, आणि वाळवंटाच्या कडेला वसवलेली डिमोनासारखी शहरं हा स्वतःच भूगोलाचा चांगला विषय आहे. मोठा देश घेऊन वरवर लिहिण्यापेक्षा लहान देश घेऊन आतपर्यंत जाणं या प्रकल्पाला मानवतं.

महाराष्ट्रात राहून हा विषय शिकू पाहणाऱ्यांना अमेरिकन कॉलेजचं शुल्क भरण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर २०१७पासून भूगोलाचेही अभ्यासक्रम येत असतात. व्हिडिओ, वाचन, स्वमूल्यमापन आणि चर्चा असे त्यांचे चार भाग असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करून त्यांचे क्रेडिट आपल्या पदवीत जमा करता येतात, मात्र आपल्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असला पाहिजे. आधी विभागप्रमुखांना विचारावं, मग नाव नोंदवावं.

आणि जे अजून घ्यावा की न घ्यावा या विचारात आहेत, त्यांनी एक करावं. या शनिवार-रविवारी फिनलेसन यांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण आणि युरोपचं प्रकरण वाचावं, आणि त्यानंतर कोऱ्या कागदावर युरोपचा नकाशा काढून देश भरावेत. त्यात चार-पाच तास गेले आणि कंटाळा आला नाही, तर पुढच्या सत्राची नोंदणी उघडताच नाव घाला. लोकप्रिय ऑनलाइन वर्गांच्या जागा लवकर भरतात.